सासवडहून एका दिवसासाठी

सव्वासातची बस, डब्यात दशम्या,
मुकुंदभावजींच्या वहीत पेन्सिलीने आखलेलं पुणं:
आधी नाना वाडा, मग विश्रामबाग,
दुपारी संग्रहालय, चारला परत.

"अहो, आज विसर्जन," मी म्हटलं होतं.
"म्हणजे ऑफिसं बंद. गर्दी नसेल."

बेलबाग चौकात बांबू आडवे.
वहीतला एकही रस्ता सुरू नव्हता.
नाना वाड्याची नुसती कौलं दिसली,
विश्रामबागेला कुलूप,
आणि एकामागून एक पथकं;
बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या पोरी,
त्यातल्या एकीने कमरेचा ढोल न सोडवता
दातांनी केळं सोललं.

भावजींनी कानातलं यंत्र काढलं,
रुमालात बांधून खिशात टाकलं.
मला वाटलं, वैतागले.
वळून बघते तर बंद दाराच्या चौकटीला
तळवा टेकवून उभे, डोळे मिटलेले.
"वहिनी, इथे हात लावा."

लावला.
दोनशे वर्षांचं लाकूड
आतून धडधडत होतं,
कोपरापर्यंत आलं माझ्या.

परतीच्या बसमध्ये वही उघडली त्यांनी.
नाना वाडा, फुली.
संग्रहालय, फुली.
विश्रामबागेपुढे पेन्सिल धरून बसले,
दिवेघाट चढेपर्यंत.
मग गुलालाची एक शिंक आली
आणि तिथेच झोप लागली.