शेवटची रांग

इंडियानाच्या मक्यापलीकडे
पाइनच्या लाकडाचा डोंगर.
अकरा वर्षं रोज पहाटे ऑर्विल हातोडी घेऊन चढला,
ठोकून ऐकत: हा बोल्ट बरा, हा सैल.
बसला मात्र कधीच नाही.

आज निवृत्ती. नात टेसानं
शेवटच्या रांगेत कोंबलं.
साखळी कट् कट् कट्.
तो मोजतोय: एकशे बारा, तेरा,
चौदाची फळी मार्चात बदललेली...

माथा.
खाली तळं, कुणाचा तरी लाल ट्रक.

मग बूड सुटलं. टोपी मक्यात.
अख्खं लाकूड कण्हत डुलतंय.
डुलायलाच हवं, पोरांना त्यानंच शिकवलेलं,
ताठ राहिलं तर मोडतं.
आकडे कुठे सांडले, कळलंच नाही.

उतरल्यावर टेसा: "कसं होतं?"
रिकाम्या खिशात हातोडी चाचपत म्हणाला,
"एकशे चाळिसापाशी काहीतरी कुरकुरतंय.
परत ऐकायला हवं."