तिसरी किल्ली

घ्या पाळकसाहेब. हे मोठी, मोठ्या दाराची.
अर्धी फिरली का अडते, मंग दार जरासं उचलून धरा लागते.
जोर लावू नका. एका पाळकानं लावला होता,
बिजागरीच हातात आली.

हे बारकी, कपाटाची. आतमंधी प्याले हायेत,
दानाची पेटी, आन मंडळीची वही.
सतरा घरं लिवली हायेत तिच्यात,
बाप्तिस्मा, लगन, माती, तारखा साऱ्या बरोबर.
जे लिवलं नाई ते मी सांगतो. एकतीस वर्सं झाली इथं झाडतो.

रूथबाईले डाव्या कानानं आयकू येत नाई.
प्रार्थना कराले गेले तं उजव्या अंगाले बसजा.
इंगळ्याचा पोट्टा, दारू सोडतो म्हनून
तीनदा उभा राह्यला मंडळीत.
चौथ्यांदा उभा राह्यला तं हासू नका.
सलोमीची सून दोन महिने झाले येत नाई.
सासू म्हनते, ताप हाय.
तुमी जाजा. चहा घेतल्याबिगर उठू नका.
चहा द्याले तिले बाहेर या लागते,
तवा तिचं तोंड पाहून घेजा.

तिसरी?
तिसरी इहिरीच्या कुलपाची होती.
हे खारपान हाय साहेब,
गावातल्या पान्यात दाय शिजत नाई.
मिशनची इहीर तेवढी गोड,
सारं गाव तिच्यावर प्यालं.
मांगच्या पाळकाचं गावाशी वाजलं,
तं त्यानं पत्र्याचं झाकन बसवलं, कुलूप घातलं.
वैशाख होता. शेवंता गुंड घेऊन आली,
आपल्या मंडळीतली नोय, पन पोटुशी होती.
झाकनावर हात ठेवला,
पत्रा तापला होता, हात उचलला,
गेली वापस.

त्याच ऐतवारी साहेबानं
इहिरीवर पानी भरनाऱ्या बाईचं प्रवचन सांगतलं.
लय चांगलं सांगतलं. मी बी रडली.
रडली, आन सांजच्याले घरून वरवंटा आनला.

कमिटी बसली. माह्या नावावर रेघ मारली,
लाल शाईनं, पट्टी धरून, सरळ.
कामावरून नाई काढलं.
तीनशे रुपयात झाडते कोन?
पान एकोनचाळीस, पाहून घेजा.
पुसा म्हनत नाई मी. पुसलं तं कागद फाटते.
फक्त तुमच्या घरचं पानी
तुमीच भरत जाजा, सकाऊन, आपल्या हातानं.
लाइन असते. बायका बोलतात.
वहीत जे येत नाई ते तिथं येते,
आन दोराले हात लागला का
प्रवचनाचा आवाज जरा खाली येते मानसाचा.

बस. कंदील घेऊन जा, वाटेत गोटे हायेत.
उद्या घंटा साडेआठले.
तुमी आठले या.
हनोखबुवा आठलेच येऊन बसते,
मांगच्या बाकावर, एकटाच.
पायाची जखम भरत नाई त्याची, वास येते,
म्हनून त्या बाकावर दुसरं कोनी बसत नाई.

तो बाक मी रोज पुसतो साहेब.
दोघाची जागा हाय.