उन्हाळी सुटीतली नोंद

नेहते सर म्हणाले, सुटीत प्रयोगशाळेची लाइट बंद करतात,
कुंदाताई, तुम्ही न्याल का हिला घरी?
कुणी तुळशीची कुंडी सोपवावी, तसं.
फैजपूरहून एस.टी.त मांडीवर काचेची पेटी,
वर पदर.
कंडक्टरनं विचारलं, काय आहे?
म्हटलं, लोणचं.

भुसावळ. मे महिना. सेहेचाळीस.
सरांच्या चिठ्ठीत: सत्तावीस ते तीस,
ओल पासष्ट टक्के,
आणि खाली दोन रेघा मारून:
हवा कोंडू देऊ नये.

मीटर लावला. काटा अठरावर.
ह्याच हवेत माझ्या बिबड्या
एका दुपारी कडकडीत वाळतात,
सिंधू फिरकेच्या अजून लवत असतात तेव्हा.
ह्या हवेचा मला केवढा तोरा होता.

कूलरसमोर ठेवली, तर पाय पोटाशी घेऊन
कोपऱ्यात बसली, थंडी वाजल्यासारखी.
ओलं फडकं झाकलं,
तिसऱ्या दिवशी काचेला घाम,
मातीवर पांढरी बुरशी.
सगळी माती बदलली. पळीनं. हात थरथरत.
ती बघत होती की नव्हती,
आठ डोळ्यांचं काय सांगावं.

मग नथ्थू तडवी आला, आमचा जुना शिपाई.
म्हणाला, बाई, दोन कुंड्या घ्या,
एकीत एक ठेवा, मधे वाळू, वाळूत पाणी.
पेटी आतल्या कुंडीत, वरून उघडी.
वाळू त्यानंच आणली तापीवरून, सायकलला पोतं बांधून.
पेटीत फक्त एक कोपरा ओला
आणि बाटलीच्या झाकणात पाणी.
संध्याकाळी बघितलं: एकोणतीस. त्रेसष्ट.
कॅलेंडरवर लिहिलं,
जिथं दूध लिहिते, त्याच्याच खाली:
दीड लिटर. २९. ६३.

एकवीस तारखेला रात्री लाइट गेली.
गच्चीवरून दीपनगरच्या चिमण्या दिसतात,
वीज तिथं होते, आमच्याकडे नुसता धूर बघायला.
खाली आले तर ती उताणी. पाय वर.
सिंधू कठड्यावरून डोकावली:
मेली वं कुंदा, टाकून दे उकिरड्यावर.
मी चिठ्ठीची मागची बाजू वाचली:
उलटी पडली तर हात लावू नये. कात टाकते.
ओल कमी झाली तर पाय आतच अडकतो.

बॅटरीवर लाल फडकं बांधलं.
दर तासाला वाळूत पेलाभर पाणी.
वर गच्चीवर ह्यांचं घोरणं,
स्टेशनाकडून मालगाडीचं शंटिंग,
आणि मी मोऱ्यापाशी पाटावर बसलेली,
बाळंतिणीच्या दाराशी बसतात तशी,
फक्त आत कण्हणं नाही.

चारच्या सुमाराला डब्याचं झाकण उचलावं तशी
पाठ उघडली.
घामानं चिकटलेल्या ब्लाउजच्या बाहीतून
मी हात काढते ना, तसाच तिनं काढला पाय,
हळूहळू, थांबत थांबत.
पण आठ वेळा.
दात पांढरेधोट, कोवळे.
आठवडाभर झुरळ दाखवायचं नाही, चिठ्ठीत होतं.
मी त्या दिवशी भाकरी उभ्यानंच खाल्ली.

जूनमध्ये दोन्ही परत नेल्या.
एका डबीत कात, पायांच्या केसांसकट अख्खी,
एका पेटीत ती.
सरांनी डेडस्टॉक रजिस्टर उघडलं.
कोळीण, नग एक.
लेखनिक इंगळे म्हणाले, आता नग दोन करा.
मी म्हटलं, एक काय ते डेड आहे,
दुसरी त्या रजिस्टरात होतीच कशाला?
सरांचं पेन वरच राहिलं.
मग शेरा ह्या रकान्यात मीच लिहिलं, माझ्या अक्षरात:
जिवंत. २९. ६३.

कुंड्या घरी तशाच आहेत.
त्यांत कोथिंबीर ठेवते, चार दिवस टवटवीत राहते.
मीटर मी परत दिला नाही.
सरांनीही विचारला नाही.