पान एकशेबारा ते एकशेएकोणीस

शाळेत त्या इंग्रजी कादंबरीची एकच प्रत उरली होती,
पुरात चार दिवस कपाटाच्या खालच्या कप्प्यात
पाणी पीत उभी राहिलेली.
कडेला चिखलाची रेघ,
आमच्या शुक्रवार पेठेतल्या भिंतींवर आहे तशीच,
फक्त बोटभर उंचीवर.

आवळेकर बाई वाचायच्या, मध्येच थांबायच्या.
मूर म्हणजे काय, कुणालाच कळेना.
"मसाई पठार बघितलंय? धुक्यातलं?
पुढं चालणारा माणूस नुसता आवाजापुरता उरतो, तसलं.
त्यावर एक घर ठेवा. दिवे विझवा."
बाहेर रिक्षावाला गंगावेस गंगावेस करत होता
आणि आम्ही पस्तीसजण पठारावर,
एकमेकांच्या बाहीला धरून.

घरात एक खोली कुलपात.
नवी आलेली मुलगी मेणबत्ती घेऊन जिना चढते,
दार ढकलते,
आणि एकशेअकरावं पान संपतं.
पुढची आठ पानं पुरानं एकजीव केलेली,
भाकरीसारखी फुगलेली.
एकशेविसावर सगळ्यांना सगळं ठाऊक,
मुलगी रडतेय, घोडागाडी दारात.

"लिहून आणा," बाई म्हणाल्या, "काय होतं खोलीत."

ओंकार गवंडीनं लाल माती आणली
आणि कधीच न हरलेल्या पैलवानाचं भूत.
अफसाना मुजावरनं शिलाई मशीन,
रात्रभर आपोआप चालणारं, दोऱ्याशिवाय.
निवास चौगुले उठला. वर्षभर न बोललेला.
म्हणाला, "खोली रिकामी होती.
मालक आत जाऊन बसायचा. एवढंच."
पंखा फिरत राहिला.
बाईंनी त्याला बस म्हणायला जरा वेळ लावला.

त्या रात्री पुस्तक माझ्याकडं होतं.
आईनं पातेल्यात पाणी ठेवलं.
"मी धरतो पुस्तक," म्हणाली, "तू सुरी घाल. हळू. फाटंल."
पान सुटलं तेव्हा नदीचा वास आला,
आई तोंड फिरवून मोरीकडं गेली.

अक्षरं समोरच्या पानावर उलटी उमटलेली,
एकावर एक, मुंग्यांसारखी.
बाबांचा दाढीचा आरसा धरून
मी एकेक शब्द उचलला.
शब्दांच्या मधे माझाच डोळा.
पहाटे गंगावेशीत म्हशी आल्या, घंटा ऐकू आल्या,
तेव्हा मी त्या खोलीत होते.

काय होतं ते मला आता माहीत आहे.
खरं सांगू?
निवासची खोली जास्त भीतीची होती.

सकाळी वाटीभर कणकेची खळ केली.
आठही पानं पुन्हा चिकटवली,
वर पाटा ठेवला, शाळेची वेळ होईस्तोवर.

बाईंनी पुस्तक हातात घेतलं.
एकशेअकरावर अंगठा फिरवला,
नाकाशी नेलं.
माझ्याकडं बघितलं नाही.
"खळीत मोरचूद घालायचा असतो," म्हणाल्या, "नाहीतर झुरळं खातात,"
आणि कपाटाला कुलूप लावलं.