खालीवरची टाळी

इसा टाउनच्या जुन्या बाजारात, शनिवारी,
इस्त्र्या, पंख्यांची पाती, कुणाच्या तरी लग्नाचा फ्रेममधला फोटो,
यांच्या ढिगाखाली ती तबकडी होती.
सात इंची. मधलं भोक मोठं.
लेबल खरडलेलं: 'प्रेज', मग एक डाग,
मग नुसतंच 'साइड टू'.
अर्धा दिनार, म्हणाला पोऱ्या.
मी म्हटलं तीनशे फिल्स, आणि वर एक चहा.

मी एसीवाला. दिवसभर कॉम्प्रेसर ऐकतो,
कुठलं बेअरिंग रडतंय ते पत्र्यावर तळवा ठेवून सांगतो.
म्हणून सुई टेकली तेव्हा आधी पोचली बास गिटार.
गावाकडे बास म्हणजे पुरे.
इथे बास म्हणजे सुरू.
मग ऑर्गन, उन्हातल्या रस्त्यासारखा लवलवता,
मग एक बाई, जणू वरच्या मजल्यावरच्या देवाला
जिन्यातून हाक मारतेय:
ये रे खाली, पानं वाढलीयेत.

राहुरीला आमच्या देवळात बाप पेटी वाजवायचा.
कुणाचा पाय हलला की पंच डोळे वटारायचे,
उपासना आहे, तमाशा नाही.
मी तेव्हाच शिकलो
बुटाच्या आत अंगठा हलवायला.
त्या रात्री गुदैबियाच्या खोलीत, सहा खाटांच्या मध्ये,
बूट नव्हता पायात.

गाणं संपत नाही, दूर चालत जातं.
अगदी शेवटी, खरखरीच्या काठावर,
कुणीतरी खोकतं आणि म्हणतं,
"अगं, हात आवर की. संपलं."
मराठीत.

सुई उचलली. टेकवली. अकरा वेळा.
खालच्या खाटेवरून रमणय्यानं विचारलं, काय झालं?
म्हटलं, गावाकडचं कुणीतरी भेटलं.

शुक्रवारी चर्चच्या आवारात भाषा रांगेनं उभ्या असतात:
सकाळी मल्याळम, मग तगालोग, मग उर्दू.
आम्हाला चार ते पाच, मागचा हॉल,
खुर्च्या आपापल्या आवरायच्या.
उपासनेनंतर मी मोबाइलवर भरलेलं ते ऐकवलं.
पाळक म्हणाले, ठेका जरा जास्तच आहे.
शेवटच्या रांगेतून करुणाबाई ओहोळ,
तेहतीस वर्षं सलमानियाला सिस्टर, आता लेकीकडे, गुडघे नवे,
म्हणाल्या, "हात आवर म्हणणारी प्रेमला.
आवरत नव्हते ते हात माझे."

मग तुकड्यातुकड्यानं:
रिफायनरीतला ल्यूथर. उंच. बोटं ही एवढी.
अवालीचा मेस हॉल, खिडक्यांना गाद्या लावलेल्या.
नाइट ड्यूटी करून आलेल्या आठ जणी,
कारण टाळ्यांना माणसं कमी पडत होती.
"दोन तास आमच्या टाळ्या समेवर.
तो हसायचा. नो सिस्टर, नॉट देअर.
मी कीर्तनकाराची मुलगी, मला राग आला.
म्हटलं, म्हणजे खालीवर का?
आपण जिथं हात नुसता उलटा करतो,
तिथं तुम्ही वाजवता?
त्याला काय कळलं देव जाणे. येस म्हणाला."
मग जरा थांबून:
"तो उलटा हात मला नेहमी कुणाची तरी
राखून ठेवलेली खुर्ची वाटायचा."

एकेक प्रत मिळणार होती सगळ्यांना.
तो बदलून गेला. लढाई आली. प्रेमला जालन्यात वारली.
बाईंनी ते गाणं
आजवर ऐकलंच नव्हतं.

पुन्हा लाव, म्हणाल्या.
पाच वाजायला सहा मिनिटं.
पाळकांनी घड्याळ पाहिलं आणि बाही खाली ओढली.
आम्ही सगळे वाजवू लागलो, इमानानं, समेवर.
"इथं नको," त्या म्हणाल्या,
आणि सुजलेल्या दोन बोटांनी हवेत जागा दाखवली.

दाराशी तमिळवाले चपला काढून थांबले होते.
त्यांच्यातल्या एका पोराला
ती आमच्याआधी सापडली.