एक्केचाळीस दारं

डंडीतल्या एका धर्मादाय दुकानात, उसवलेल्या स्वेटरांखाली,
पन्नास पेनीला सापडला मला माझाच गेम.
उन्हानं कव्हर विटलेलं :
सिनेमाचा नायक निळा, मागचा स्फोटही निळा.
काउंटरवरची बाई म्हणाली, सिनेमा बरा होता हो,
गेम काही आमच्या नातवाला चालला नाही.
मी म्हटलं, हं.

नऊ महिने दिले होते आम्हाला.
बाळाला पुरतात तेवढे.
ज्यूटच्या जुन्या गिरणीत, तिसऱ्या मजल्यावर, आम्ही अकरा जण
न पाहिलेल्या सिनेमाचा गेम करत होतो.
हाताशी पटकथेची बेचाळीस पानं,
पानापानावर आमचीच नावं आडवी छापलेली, चोरी होऊ नये म्हणून,
आणि नायकाचे फोटो : समोरून, डावीकडून.
उजवा गाल कुणी पाठवलाच नाही.
म्हणून गेममध्ये तो दोन्हीकडून डावा आहे.
नीट बघा, तीळ दोन्ही गालांवर.

माझ्या वाट्याला दारं आली.
गोदीच्या लेव्हलमध्ये एक्केचाळीस.
त्यातली उघडणारी नऊ,
बाकीची भिंतीवर रंगवलेली, कडी-कोयंड्यासकट, गंजासकट.
गंज मला छान जमायचा.

खोटं कशाला बोलू, कॅमेरा भिकार होता.
नायक कोपऱ्यात गेला की हा भिंतीत घुसायचा
आणि मारामारी नुसती ऐकू यायची,
शेजारच्यांचं भांडण यावं तशी.
शत्रूंना चेहरे तीनच.
टोपीवाला मेला की तोच बिनटोपीचा यायचा,
सुतकसुद्धा न पाळता.

पण दोर!
दोराला कुणी नावं ठेवायची नाहीत.
क्रेनवरून झोका घ्यायचा तो दोर
टॉर्किलनं चार वेळा मोडला, पाचव्यांदा लिहिला,
बटण सोडायचा क्षण असा नेमका बसवला
की पोटात खड्डा पडतो. आजही पडतो.
एका मासिकानं दहापैकी चार गुण दिले होते,
त्यातले साडेतीन दोराचे.
उरलेला अर्धा इशबेलच्या सीगलना मिळाला असावा.
सिनेमात पक्षी नाहीत, निर्माता फोनवर म्हणाला.
गोदीत असतात, ती म्हणाली,
आणि रिसीव्हर खिडकीबाहेर धरला.

डिस्का छापून झाल्या, तेव्हा कळलं
तिकडे शेवट बदललाय.
सिनेमात धाकटा भाऊ पाण्यात जातो तो जातोच.
आमच्याकडे तो वर येतो, खोकतो,
बुटातलं पाणी ओततो, एकदा डावा, एकदा उजवा.
वरातीमागून घोडं म्हणतात ना?
आमचं घोडं वेळेवर पोचलं होतं,
वरातच दुसऱ्या गल्लीत वळली.
पत्रं आली रागाची. एक मात्र पर्थहून, पेन्सिलीनं :
बुटाबद्दल आभार.
सही वाचता आली नाही.

काल रात्री ऱ्होनाला खेळायला दिला.
अकरा वर्षांची आहे. मारामारीत तिला रस नाही.
ती एकेक दार ढकलत सुटली.
नायक खांदा लावतो, हुं करतो, मागे सरतो.
पुन्हा हुं.
याच्यामागे काय आहे?
काही नाही.
काही नाही म्हणजे अंधार?
अंधारही नाही गं. अंधार करायलाही वेळ लागतो.

सत्ताविसाव्या दाराशी कॅमेरा घसरला, भिंतीत शिरला,
नेहमीसारखा.
मी लाजून काहीतरी बोलणार, तेवढ्यात ती ओरडली, थांब!
रंग न दिलेल्या त्या राखाडी पोकळीत
एक सीगल घिरट्या घालत होता.
कधी अडकला कुणास ठाऊक.
आम्हा अकरा जणांपैकी कुणी त्याला पाहिलं नव्हतं.

ऱ्होनानं कंट्रोलर अलगद गालिच्यावर ठेवला, कॅमेरा हलू नये म्हणून.
भिंतीच्या अलीकडे नायक मार खात होता.
तिनं टीव्हीचा आवाज थोडा कमी केला.