काय खाल्लं, किती दुखलं

जळगावच्या आहारतज्ज्ञ, फिरदोस तडवी,
म्हणाल्या, एक शंभरपानी वही घ्या आणि आखा:
वेळ, काय खाल्लं, किती दुखलं.
दुखण्याला शून्य ते दहा.
मी विचारलं, अकरा नाही का?
त्या हसल्या नाहीत. ते मला आवडलं.

सोनोग्राफीच्या कागदावर लिहिलंय, चॉकलेट सिस्ट,
डावीकडे, चार सेंटिमीटर.
नाव ठेवणाऱ्याला भूक लागली असावी.
आजाराचं मोठं नाव उच्चारताना
सावद्याचा मेडिकलवाला अडखळतो,
एंडो... मेट्री... आणि मागे रांगेत
आमच्याच गल्लीतले दोघे.
आता मी नुसती चिठ्ठी सरकवते.

वांगं वातूळ, सासूबाई म्हणतात.
गहू सोड, मोबाइल म्हणतो.
दूध सोड, पुण्याहून नणंदेची मुलगी.
एक मूल होऊ दे, सगळं मोकळं होईल,
हे तर सगळेच.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

तडवीबाईंनी एकदम काही सोडायला लावलं नाही.
जवसाची चटणी खा,
हरभऱ्याचा पाला, अंबाडी, मेथी,
ज्वारी तर तुमच्या घरचीच,
शेवभाजीवरची तर्री जरा बाजूला.
मग चष्मा काढून म्हणाल्या,
याने गाठ विरघळणार नाही.
कुणाला थोडं हलकं वाटतं, कुणाला नाही.
डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नका.
कितीतरी वर्षांत
इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं माझ्याशी.
परतीच्या एसटीत मला गाढ झोप लागली,
फैजपूर मागे गेलं तरी कळलं नाही.

चौदा तारीख. मुगाची खिचडी, पातळ. दुखणं आठ.
एकवीस. लग्नात वरण-बट्टी, घोटलेली वांगी,
वर तुपाची धार, दोन जिलब्या. दुखणं एक.
बावीस. जवस, भाकरी, शहाण्यासारखं सगळं. सहा.
पोटाला वही वाचता येत नाही बहुतेक.

बोलका निघाला तो वेळेचा रकाना.
साडेतीन. पावणेचार. चार वाजून दहा.
तडवीबाईंचं बोट तिथेच थांबलं.
सगळ्यात शेवटी जेवता?
नाही, म्हटलं,
माझ्यानंतर मांजर जेवतं.

पौषात शेतात भरताचा बेत.
बामणोदची वांगी, पऱ्हाट्यांचा जाळ,
पुरुषमंडळी केळीच्या सावलीत पत्ते कुटत,
आणि मी, तिसरा दिवस,
पदराखाली गरम पाण्याची पिशवी.
कुमुदजेठाणी बडगीत मिरची ठेचत होती.
पंक्तीतून उठताना ती कायम भिंत धरते.
मला वाटायचं, गुडघे.

वही मी उघडली तसा मुसळाचा आवाज थांबला.
काय लिहिते व तू रोज?
सांगितलं. शून्य ते दहाही सांगितलं.
तिने वांग्याचं जळकं साल
बोटांनीच सोलून काढलं, फुंकर न घालता,
देठ तेवढा ठेवला.
मग जाळाकडे बघत,
मोठ्याच्या टायमापासून, म्हणाली,
बावीस वर्सं झाली.
माह्यं बी लिहेजो.
काय लिहू? किती?
तुले काय वाटते ते टाक.

मला काहीच टाकता येईना.
पान उलटून नवे रकाने आखले,
पट्टी नव्हती, कळण्याच्या भाकरीच्या
डब्याचं झाकण धरून.
रेघ गोल गेली.

त्या दिवशी आम्ही दोघी आधी जेवल्या.
ठरवून नाही. धूर पुरुषांकडे वळला
आणि ते उठून विहिरीकडे गेले, म्हणून.
केळीच्या पानावर भरीत, पातीचा कांदा,
भाकरी हातावरच, वाफ निघत होती.
तिने दोन खाल्ल्या, मी दीड.

वेळ: बारा वाजून वीस मिनिटं.
काय खाल्लं ते लिहिलं.
शेवटचा रकाना दोघींचाही कोरा आहे अजून.
सकाळी विचारेन तिला,
चुलीपाशी, कुणी उठायच्या आत.